खिडकीवरच्या माणसांचा सल्लागार गट कसा उभा करायचा

परवा दुसऱ्या विद्यापीठातल्या एका मैत्रिणीचा फोन आला होता, त्यांच्याकडे नवीन संचालक आलेत आणि त्यांना विद्यार्थी विभागांमधल्या कर्मचाऱ्यांचा एक सल्लागार गट करायचाय, म्हणजे वर काही ठरवायच्या आधी टेबलावरच्या लोकांना विचारायचं, तर तुमच्याकडे कसा केला, आदेश कसा काढला, किती जण घेतले असं ती विचारत होती. तासभर बोललो आम्ही. मग वाटलं हे लिहूनच ठेवावं, अजून कुणाला तरी लागेल. मी महाराष्ट्रातल्या एका राज्य विद्यापीठात १९ वर्षं नोकरी करतेय, त्यातली बरीचशी विद्यार्थी सुविधा केंद्राच्या खिडकीवर गेली, आणि आता आमच्या गटाच्या सचिवाचं काम माझ्याकडे आहे. गटाचं हे चौथं वर्ष.

असा गट हवाच कशाला, ते एका उदाहरणाने सांगते. पदवी प्रमाणपत्रावर नाव मराठीतही छापलं जातं. आमच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये पोरं नाव इंग्रजीत टाकायची आणि सॉफ्टवेअर आपोआप त्याचं देवनागरी करायचं. आता इंग्रजी स्पेलिंगमध्ये ळ कळत नाही, ढ आणि ध सारखेच लिहितात, त्यामुळे काळेचं काले व्हायचं, ढोलेचं धोले व्हायचं, आणि पोरांच्या ते लक्षात यायचं थेट प्रमाणपत्र हातात पडल्यावर. मग दुरुस्तीचा अर्ज, परत फी, जुनं प्रमाणपत्र जमा करा, आणि त्यासाठी एखादी पोरगी नव्या नोकरीतून सुट्टी काढून एसटीने चार तास प्रवास करून आलेली असायची. खिडकीवरच्या प्रत्येकाला हे कारण पाठ होतं. आयटीवाल्यांना माहीत नव्हतं कारण त्यांच्यापर्यंत कुणी पोचवलंच नव्हतं, साहेबांना फक्त दुरुस्तीचे अर्ज वाढले एवढा आकडा दिसायचा, म्हणून त्यांनी दुरुस्तीसाठी अजून एक खिडकी सुरू करून दिली. गटाच्या दुसऱ्याच बैठकीत आमच्या एका ताईंनी सांगितलं की फी भरायच्या आधी देवनागरीतलं नाव मोठ्या अक्षरात दाखवा आणि 'नाव बरोबर आहे' यावर टिक केल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ देऊ नका, चुकलं असेल तर तिथेच हाताने टाइप करू द्या. पुढच्या पदवीप्रदान समारंभानंतर ती जादाची खिडकी बंद करून तिथल्या माणसाला ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्रित उतारा देण्याच्या, खिडकीवर बसवता आलं.

आणि मोठा बदल एकदम लावला की किती महागात पडतं हे आपण सगळ्यांनी २०१७ मध्ये बघितलंय. मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी, म्हणजे त्या स्कॅन करून संगणकावर तपासणं, एका झटक्यात सगळीकडे लागू केली, लाखो उत्तरपत्रिका, निकाल महिनोन्महिने लांबले, पुढच्या प्रवेशांसाठी पोरं लटकली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. त्या दिवसांत आमच्याही परीक्षा विभागात चहाला हाच विषय असायचा, की नवीन सिस्टीम येण्याआधी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उचलणाऱ्याला एकदा शेजारी बसवून विचारायला पाहिजे.

आता कामाचं बघू.

सगळ्यात आधी हा गट काय करणार नाही ते ठरवा आणि सगळ्यांना सांगा. बदली, पदोन्नती, रोस्टर, सातवा वेतन आयोग, कुणाची कुणाविरुद्ध तक्रार, यातलं काहीच इथे घ्यायचं नाही. त्यासाठी संघटना आहे, कर्मचाऱ्यांची तक्रार निवारण यंत्रणा आहे, लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती आहे. माझा कळकळीचा सल्ला आहे की मंजुरीची टिपणी (फाईलवरचा प्रस्ताव) लिहायच्याही आधी संघटनेच्या अध्यक्षांना आणि सरचिटणीसांना जाऊन भेटा, समोर बसून सांगा की हे तुमच्या कामात लुडबूड नाही, विद्यार्थ्यांच्या कामापुरतं आहे. आम्ही हे केलं नव्हतं, पहिले दोन महिने त्यामुळे वाया गेले, साहेबांनी संघटनेला समांतर काहीतरी काढलंय अशी कुजबुज सुरू झाली आणि चांगली चांगली माणसं नाव द्यायला तयार होईनात. शेवटी संघटनेच्या दादांना बोलावून सगळं समजावून सांगितलं, त्यांनीच मग दोन नावं सुचवली आणि ती दोन्ही उत्तम निघाली.

कुणीतरी हमखास विचारतं की एवढ्या समित्या असताना अजून एक कशाला. बरोबर प्रश्न आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये विद्यार्थी विकास मंडळ आहे, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, वर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठाचे लोकपाल असतात. पण त्या तक्रार समितीची रचना बघा, प्राध्यापक आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी, खिडकीवरचा लिपिक किंवा वसतिगृहाचा अधीक्षक त्यात कुठेच नाही. शिवाय तिथे गोष्ट येते ती बिघडल्यावर. पोरगं तक्रार लिहीपर्यंत चार हेलपाटे घालून झालेलं असतं.

टिपणी कशी लिहायची. तोंडी परवानगीवर गट सुरू करू नका, साहेब बदलले की तो गेलाच समजा. कुलसचिवांच्या सहीचा कार्यालयीन आदेश हवा. फाईल आपल्या कक्षातून सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, संचालक आणि मग कुलसचिव अशी जाणार, आणि ती कुठे अडकेल तर वित्त व लेखा विभागाकडे, म्हणून टिपणीत पहिल्याच परिच्छेदात लिहा की सदर गटासाठी कोणतेही मानधन अथवा प्रवासभत्ता देय असणार नाही. हे वाक्य घातलं तेव्हा आमची फाईल आठ दिवसांत परत आली, त्याआधी तीच फाईल महिनाभर फिरत होती. (चहाचे पैसे आम्ही आळीपाळीने देतो, ते फायलीत घालू नका.) आदेशात साधारण असा मजकूर ठेवा, लागेल तसा बदला:

"विद्यार्थी सेवांशी संबंधित विभागांतील कामकाज सुलभ करण्याच्या दृष्टीने संचालक, विद्यार्थी विकास यांना सल्ला देण्यासाठी खालीलप्रमाणे कर्मचारी सल्लागार गट गठित करण्यात येत आहे. गटाची मुदत एक वर्ष राहील. गटाची बैठक महिन्यातून एकदा कार्यालयीन वेळेत होईल व बैठकीचा कालावधी कर्तव्यकाळ समजण्यात येईल. गटाने केलेल्या प्रत्येक लेखी सूचनेवर संबंधित विभागप्रमुखांनी १५ कामकाजाच्या दिवसांत लेखी अभिप्राय देणे आवश्यक राहील. गटात मांडलेल्या मतांवरून कोणत्याही सदस्याविरुद्ध कार्यवाही करण्यात येणार नाही."

यातली दोन वाक्यं कुठल्याही परिस्थितीत कापू देऊ नका. एक कर्तव्यकाळाचं, कारण ते नसेल तर बैठकीच्या दिवशी कक्षाधिकारी म्हणणार टेबल सोडून कुठे चाललात. दुसरं १५ दिवसांचं. आमच्या साहेबांना आधी ते जड वाटलं होतं, पण यूजीसीच्या विनियमांत विद्यार्थ्याच्या तक्रारीवर समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, तर जी माणसं ती तक्रार होऊच नये म्हणून काहीतरी सुचवतायत त्यांना पण तेवढ्याच दिवसांत उत्तर द्या, असं मी म्हटलं आणि त्यांना ते पटलं.

माणसं कोण घ्यायची, हा भाग नीट वाचा कारण इथेच बहुतेक गट बिघडतात. सेवाज्येष्ठतेची यादी काढून वरून नऊ नावं उचलली की नऊ कक्षाधिकारी येतात आणि त्यातल्या पाचांनी गेल्या दहा वर्षांत खिडकीवर एकही अर्ज घेतलेला नसतो. ९ ते ११ माणसं पुरेत. पात्रता, परीक्षा, ट्रान्सक्रिप्ट आणि मायग्रेशन (दुसऱ्या विद्यापीठात जाताना लागणारं प्रमाणपत्र), शिष्यवृत्ती, मुलींचं वसतिगृह, मुलांचं वसतिगृह, आरोग्य केंद्र, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) किंवा कमवा आणि शिका योजना बघणारं कुणीतरी, आयटी कक्षातलं एक. उपकेंद्र असेल तर तिथला एक, त्याला ऑनलाइन घ्या पण तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष बोलवा. आणि कंत्राटी कर्मचारी घ्याच. आज कितीतरी विद्यापीठांत खिडकीवर बसलेला निम्मा स्टाफ कंत्राटी आहे, त्यांना वगळून गट केला तर निम्मी माहिती बाहेरच राहिली. त्यांचा करार ११ महिन्यांचा असतो, ती माणसं बोलायला घाबरतात, आणि त्यांची भीती खरी आहे, म्हणूनच आदेशातलं कार्यवाही न करण्याचं वाक्य.

गेटवरचे मामा आणि वसतिगृहातल्या सफाईच्या मावशी यांच्यासाठी आम्ही पहिल्या वर्षी जागा ठेवली नव्हती, दुसऱ्या वर्षी ठेवली. मुलींच्या वसतिगृहातल्या मावशींनी जे सांगितलं ते रेक्टर मॅडमनापण माहीत नव्हतं. परीक्षेच्या काळात मुली पहाटे साडेचारला उठून अंघोळीला जातात आणि गरम पाणी सहाला सुरू होतं, म्हणून मुली खोलीत हीटरची कांडी लावतात, आणि कांडी सापडली की दंड. मावशी म्हणाल्या, पाणी दीड तास आधी चालू करा की, कांड्या आपोआप जातील. परीक्षेच्या दोन महिन्यांपुरता टायमर बदलला. दंडाच्या पावत्या किती कमी झाल्या ते मॅडमनी स्वतः येऊन सांगितलं.

अध्यक्ष कोण असावा यावर वाद होतो. संचालकांनी अध्यक्ष होऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण सल्ला त्यांना द्यायचाय, तेच खुर्चीत बसले तर लोक त्यांचा चेहरा बघून बोलतात. सदस्यांतूनच एक समन्वयक निवडा, दर सहा महिन्यांनी बदला. संचालकांनी शेवटच्या अर्ध्या तासाला यायचं, ऐकायचं, शंका विचारायच्या, आणि जागच्या जागी 'ते होणार नाही' असं म्हणायचं नाही. हे त्यांना आधीच नीट सांगून ठेवा, बहुतेक साहेब ऐकतात.

पहिली बैठक. जागा साहेबांच्या केबिनमध्ये नको, मोठ्या लांबलचक टेबलाच्या सभागृहातही नको, आम्ही ग्रंथालयातली छोटी खोली घेतो. 'विद्यार्थी सेवा सुधारण्यासाठी सूचना मांडा' असा विषय विषयपत्रिकेवर ठेवला की सगळे गप्प बसतात किंवा मग मनुष्यबळ कमी आहे, प्रिंटर जुने आहेत एवढंच येतं. ते खरंच आहे, पण त्याच्यावर अख्खी बैठक संपते. त्यापेक्षा आठ दिवस आधी प्रत्येकाला एकच काम द्या, की तुमच्या खिडकीवर या आठवड्यात एकाच कामासाठी दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा आलेला विद्यार्थी बघा आणि तो परत का आला ते वहीत लिहून आणा. नाव नाही लिहायचं, पीआरएन (विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी क्रमांक) नाही, फक्त काम काय होतं आणि परत का यावं लागलं. आमच्याकडे याला हेलपाट्यांची वही म्हणतात, साधी दोनशे पानी वही, दोरीने खिडकीला बांधलेली. सगळी बैठक मग या वहीवर चालते, कुणाला भाषण करावं लागत नाही.

त्या वहीतून काय निघतं बघा. शिष्यवृत्तीच्या खिडकीवर सगळ्यात जास्त वेळा एकच वाक्य लिहिलेलं होतं, 'पैसे आले नाहीत.' महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज मंजूर दिसतोय, पैसे पाठवले असंही दिसतंय, पोराच्या खात्यात काही नाही, पोरगं म्हणतं विद्यापीठाने अडवले. आमच्या शिष्यवृत्तीवाल्या भाऊंनी सांगितलं की दहातल्या सात-आठ वेळा पैसे आलेले असतात पण दुसऱ्याच खात्यात, कारण हे पैसे आधारला जे खातं शेवटचं जोडलंय त्याच्यात जातात, आणि पोराने मधे कधीतरी मोबाईलच्या दुकानात सिमकार्डाबरोबर एक खातं उघडलेलं असतं आणि ते तो विसरलेला असतो. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे झालं असंही बऱ्याच जणांना वाटतं, ते वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, खातं जोडणं वेगळं. भाऊ हे रोज तीस जणांना तोंडी सांगत होते. गटाने सुचवलं की प्रवेशाच्या वेळीच मुलांना एक पान द्या, आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते कसं बघायचं, साध्या मराठीत, स्क्रीनच्या फोटोसकट, आणि तेच पान कॉलेजांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. ते पान भाऊंनीच लिहिलं. अधिकाऱ्याने लिहिलं असतं तर 'आधार संलग्नित बँक खाते' पासून सुरुवात झाली असती आणि पोरांनी ते वाचलं नसतं.

इतिवृत्त एका पानाचं ठेवा. प्रत्येक सूचनेपुढे फक्त तीन गोष्टी, सूचना काय, कोणाकडे पाठवली, उत्तर कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित. सूचना कोणाची ते लिहू नका, गटाची म्हणून जाऊ द्या. विद्यार्थ्याचं नाव, जात, आजारपण, गुण यातलं काहीही इतिवृत्तात येता कामा नये, आरोग्य केंद्रातल्या आणि वसतिगृहातल्या सदस्यांना हे परत परत सांगावं लागतं कारण त्यांच्याकडच्या गोष्टी नाजूक असतात आणि बोलताना नाव तोंडातून निघून जातं.

उत्तराबद्दल मी जरा जास्तच आग्रही आहे, मैत्रिणीलाही हेच तीनदा सांगितलं. उत्तर तीनपैकी एक हवं. होय, अमुक तारखेपासून करतोय. नाही, कारण अमुक. किंवा आपल्या हातात नाही, अमुक ठिकाणी पाठवलंय. चौथं एक उत्तर असतं, 'सूचनेची नोंद घेण्यात आली', ते स्वीकारू नका, नम्रपणे परत पाठवा. लोकांना नकार चालतो हो. आमच्या गटाने सुचवलं होतं की मायग्रेशनसाठी मूळ टीसी मागू नका, त्यावर नाही आलं, पण सोबत अर्धं पान कारण आलं की याआधी एकाच टीसीवर दोन ठिकाणी प्रवेश घेतल्याची प्रकरणं झाली होती, आणि ते वाचल्यावर खिडकीवरची माणसं पोरांना ते कारण सांगू लागली, भांडणं कमी झाली. पण एकदा सलग दोन महिने एकाही सूचनेला उत्तर आलं नाही तर तिसऱ्या महिन्यात अकरापैकी पाच जण आले आणि वहीत कुणी काही लिहिलंच नव्हतं. त्यानंतर आम्ही पद्धत बदलली, बैठकीची सुरुवातच मागच्या उत्तरांच्या वाचनाने करायची, आणि ज्या विभागाचं उत्तर आलेलं नाही तो विभाग संचालकांसमोर वाचून दाखवायचा. आवाज न चढवता, फक्त वाचायचं.

बैठकांचं वेळापत्रक सरसकट ठेवू नका. जून-जुलैत प्रवेशाची धांदल असते तेव्हा बैठक अर्ध्या तासाची, उभ्या उभ्या चालेल, फक्त आज काय अडलंय तेवढं. परीक्षांच्या ऐन काळात परीक्षा विभागाच्या सदस्याला सूट द्या. खरी मोठी बैठक निकालानंतरची आणि दुसरी मोठी प्रवेश संपल्यावर लगेचची, माणसं थकलेली असतात पण सगळं ताजं असतं, महिनाभर थांबलात तर विसरतात. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचं माहितीपत्रक छापायला जायच्या आधी त्याचा कच्चा मसुदा या गटाकडून एकदा वाचून घ्या. आम्ही घेतो. गेल्या वर्षी त्यात जुना हेल्पलाइन नंबर तसाच राहिला होता, तो आमच्या गेटवरच्या मामांच्या नजरेत आला, कारण लागत नसलेला नंबर हातात घेऊन पोरं त्यांच्याकडेच येतात.

साहेबांची बदली किंवा मुदत संपणं हे होणारच. नवीन संचालक आले की पहिल्या आठवड्यात समन्वयकाने आणि सचिवाने दोघांनी जाऊन भेटायचं, सोबत आदेशाची प्रत, वर्षभरातल्या सूचना आणि उत्तरांचं एक पान, आणि हेलपाट्यांची वही न्यायची. लांब प्रेझेंटेशन नको. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी असेच नवीन साहेब आले, पहिल्यांदा जरा तुटकच बोलले, हे सगळं कशाला म्हणाले, मी वही टेबलावर ठेवली. त्यांनी मधलंच एक पान उघडलं, त्यावर लिहिलं होतं, 'ट्रान्सक्रिप्ट, चौथ्यांदा, वडील सोबत, फोटो चिकटवायची जागा फॉर्मवर नाही म्हणून परत पाठवलं.' ते त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं की हा फॉर्म कुणाकडे असतो, आत्ता बोलवा.